वाळू, तांदूळ आणि मैलापूरचा दिवाण

चेन्नई : मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या तळ्यापासून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच अंतरावर अलवारपेटच्या एल्डॅम्स रस्त्यावर झाडांच्या गर्दीत द ग्रोव्ह ही जुनी वास्तू लागते. आज तेथे एका सांस्कृतिक प्रतिष्ठानाचे काम चालते. हे घर ज्यांचे होते, ते सर सी. पी. रामस्वामी अय्यर ११ जून १९४७ रोजी देशभरच्या वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकले. ब्रिटिश सत्ता संपताच त्रावणकोर संस्थान स्वतंत्र राष्ट्र होईल, अशी घोषणा त्या दिवशी दिवाण या नात्याने त्यांनी केली होती. सुमारे ६० लाख लोकवस्तीच्या, भारताच्या दक्षिण टोकावरील या संस्थानाने असे धाडस का करावे, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तेथील समुद्रकिनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत होते. ते धाडस दोन महिनेही का टिकले नाही, याचा काही भाग तांदळाच्या कोठारांत शोधावा लागतो.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा अनेक देशांतील मोटार कारखानदारांची धावपळ उडाली आणि सरकारांना आपल्या मैत्रीची फेरमांडणी करावी लागली. या मूलद्रव्यांपैकी अनेकांचा एक मोठा स्रोत असलेले मोनाझाइट हे खनिज ऐंशी वर्षांपूर्वी त्रावणकोरच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी होते. त्या वेळी मात्र साऱ्यांचे लक्ष त्यातील थोरियमकडे होते.

रामस्वामी अय्यर यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८७९ रोजी वंदवासी येथे झाला. त्यांचा ओढा इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाकडे होता. वडिलांच्या इच्छेखातर ते वकिलीकडे वळले. मद्रास उच्च न्यायालयात त्या काळी मैलापूरच्या वकिलांचा दबदबा होता. व्ही. भाष्यम अय्यंगार, एस. सुब्रमणिय अय्यर, पी. एस. शिवस्वामी अय्यर, व्ही. कृष्णस्वामी अय्यर ही नावे न्यायालयापासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र आढळत, आणि मद्रासच्या राजकारणात या मंडळींना मैलापूर गट म्हणूनच ओळखले जाई. वाचकांना महाराष्ट्राशी जोडणारा एक धागा येथे सापडतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर काही वर्षांतच कृष्णस्वामी अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैलापूरच्या लझ भागात रानडे ग्रंथालय उभे केले. त्याच मैलापुरात १८९१ मध्ये सर टी. माधवराव यांनी अखेरचा श्वास घेतला होता. तंजावरच्या मराठी घराण्यातील हे मुत्सद्दी १८५७ ते १८७२ या काळात त्रावणकोरचेच दिवाण होते.

या वर्तुळात तरुण रामस्वामींना एक धडा लवकर मिळाला. ऑक्टोबर १९०६ मध्ये मद्रासची आर्बथनॉट ही ब्रिटिश पेढी बुडाली आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी गेली. परक्यांच्या हाती असलेल्या पतव्यवस्थेवर विसंबण्याचा धोका ओळखून कृष्णस्वामी अय्यर यांनी पुढाकार घेतला आणि १९०७ मध्ये इंडियन बँक स्थापन झाली. आर्थिक साधन ज्याच्या ताब्यात, त्याचाच शब्द चालतो ही जाण सी.पीं.च्या पुढील सर्व कारभारात दिसते. अर्थात, तिच्या मर्यादाही पुढे दिसून आल्या.

वकील म्हणून त्यांची कीर्ती झपाट्याने वाढली. जे. कृष्णमूर्ती यांच्या पालकत्वाच्या खटल्यात त्यांनी ॲनी बेझंट यांच्याविरुद्ध मुलाच्या वडिलांची बाजू मांडली आणि मद्रासमध्ये विजय मिळविला. प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल नंतर फिरविला. विशेष म्हणजे पुढे हेच सी.पी. बेझंट यांच्या होमरूल चळवळीत त्यांचे निकटचे सहकारी झाले. १९२० मध्ये ते मद्रास इलाख्याचे ॲडव्होकेट जनरल झाले आणि १९२३ मध्ये गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळात गेले.

मंडळात पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. म्हैसूर आणि मद्रास यांच्यातील कावेरी पाणीवाटपाचा १९२४ चा करार त्यांच्याच कारकिर्दीतील आहे. त्या करारामुळे मेट्टूर धरणाचा मार्ग मोकळा झाला. निलगिरीतील पायकारा जलविद्युत प्रकल्पाचाही त्यांनी जोरदार पुरस्कार केला. नदीचे पाणी, त्यातून वीज, विजेवर कारखाने आणि कारखान्यांतून राज्याची पत, अशी त्यांची मांडणी होती. त्रावणकोरला ते १९३१ मध्ये महाराजांचे कायदेविषयक सल्लागार म्हणून गेले आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये दिवाण झाले, तेव्हा ही मांडणी त्यांनी सोबत नेली.

पुढच्याच महिन्यात, १२ नोव्हेंबर १९३६ रोजी, महाराजा श्री चित्तिरा तिरुनाळ बलराम वर्मा यांनी संस्थानातील मंदिरे सर्व जातींच्या हिंदूंना खुली केली. या ऐतिहासिक घोषणेमागे दिवाणांचा मोठा वाटा होता. १९४० मध्ये पल्लीवासल येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. १९४३ मध्ये आलुव्याजवळ देशातील अल्युमिनियमचे पहिले उत्पादन झाले. त्याच परिसरात खत कारखान्याची उभारणी सुरू झाली; कोळसा दूर आणि महाग असल्याने तेथे अमोनियासाठी लागणारा वायू चक्क जळाऊ लाकडापासून तयार करण्याची योजना होती. मुल्लपेरियारच्या पाण्यावर मद्रासने वीज निर्माण करू नये, यासाठी सी.पीं.नी संस्थानाची बाजू स्वतः मांडली आणि १९४१ मध्ये पंचांचा निवाडा त्रावणकोरच्या बाजूने लागला. ज्या मद्रास सरकारात ते कधीकाळी मंत्रिपदाच्या तोडीचे अधिकारी होते, त्याच सरकारविरुद्धचा हा विजय होता.

या विकासाला दुसरी, काळी बाजू होती. विरोध त्यांना खपत नसे. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तिचे संचालक तुरुंगात गेले आणि त्यांच्याशी संबंधित मलयाळ मनोरमा या दैनिकाचा परवाना रद्द झाला. बँकेचे चालक उत्तरदायी राज्यपद्धती मागणाऱ्या चळवळीचे पाठीराखे असल्यानेच हे घडविले गेले, असे त्रावणकोरमधील अनेकांचे ठाम मत होते आणि आजही आहे. पतपुरवठा हे शस्त्र आहे हे मद्रासमध्ये शिकलेल्या माणसाने ते आपल्याच प्रजेवर चालविले, हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही.

काळ्या वाळूची कथा मात्र सी.पीं.च्या बरीच आधीची आहे आणि तिचा आरंभ काथ्यापासून होतो. विजेचे दिवे सर्वत्र पोहोचण्यापूर्वी युरोपातील शहरे गॅसबत्तीवर उजळत. बत्तीच्या ज्योतीभोवतीची जी शुभ्र जाळी प्रकाश देते, तिच्यासाठी थोरियम लागे. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेल्या या जाळीसाठी ब्राझीलचे मोनाझाइट वापरले जाई आणि त्या व्यापारावर जर्मन उद्योगाची पकड होती. त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूच्या कणांत हेच खनिज असल्याचे शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. तो शोध घेत १९०९ मध्ये आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातील मणवालकुरिची येथे पोहोचला. लवकरच तेथे खाणकाम सुरू झाले. पहिले महायुद्ध पेटताच ब्रिटनला जाणवले की आपल्याच साम्राज्याच्या छायेतील वाळू जर्मन नियंत्रणाखाली आहे. शोम्बर्गला अटक झाली आणि व्यवसाय ब्रिटिश हातांत गेला.

गॅसबत्त्या मावळल्या आणि मोनाझाइटचे महत्त्व काही काळ ओसरले. त्याच वाळूतील इल्मेनाइटला मात्र पांढऱ्या रंगद्रव्यासाठी मागणी वाढली आणि अमेरिकेतील रंगकारखाने त्रावणकोरचे मोठे गिऱ्हाईक झाले. कच्ची वाळू जहाजात भरायची आणि तिच्यापासून बनलेला रंग परत विकत घ्यायचा, हा व्यवहार सी.पीं.ना मान्य नव्हता. १९४६ मध्ये त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली, ती याच भूमिकेतून.

दुसऱ्या महायुद्धाने मोनाझाइटला नवे मोल दिले. थोरियम स्वतः अणुस्फोटक नाही; पण न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यापासून युरेनियम २३३ हे विखंडनक्षम द्रव्य मिळते, हे युद्धकाळात सिद्ध झाले. जून १९४४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने जगातील युरेनियम व थोरियमचे साठे आपल्या हाती राहावेत यासाठी संयुक्त न्यास स्थापन केला. त्यांच्या नकाशावर थोरियमसाठी दोन ठिकाणे ठळक होती : ब्राझील आणि त्रावणकोर. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाल्यावर या नकाशाचा अर्थ साऱ्या जगाला उमगला. सी.पीं.ना तो विशेष स्पष्टपणे उमगला असावा.

कच्चे मोनाझाइट बाहेर पाठविण्याबाबत त्यांनी आखडता हात घेतला. खनिज हवे असेल तर त्यावर प्रक्रिया करणारा कारखाना त्रावणकोरमध्ये उभारा, अशी त्यांची अट होती. इकडे १९४६ मध्ये भारत सरकारने थोरियमयुक्त खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पंडित जवाहरलाल नेहरू आणि डॉ. होमी भाभा यांच्या दृष्टीने हे खनिज भावी अणुकार्यक्रमाचा पाया होते. दिल्लीला डावलून त्रावणकोर लंडनशी बोलणी करते, यावर नेहरू संतप्त झाले. १९४७ च्या पूर्वार्धात एका बाजूला ब्रिटिश पुरवठा खात्याशी मोनाझाइटची बोलणी आणि दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्याची तयारी, असे दोन डाव दिवाण एकाच वेळी खेळत होते.

लंडनमध्ये त्यांना अनुकूल असा एक वर्ग होता. त्रावणकोर निदान काही काळ राजकीय व आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र राहिले तर ब्रिटनचा फायदाच आहे, असे मत पुरवठा खात्याच्या कागदपत्रांत नोंदले गेले आहे. परंतु पंतप्रधान ॲटली यांच्या मंत्रिमंडळापुढे त्याहून मोठा हिशेब होता. भारत राष्ट्रकुलात राहील का, त्याचे सैन्य, बाजारपेठ आणि सदिच्छा ब्रिटनला लाभतील का, या प्रश्नांपुढे एका किनाऱ्यावरची वाळू लहान ठरत होती. शिवाय, ती वाळू भारताकडूनही मिळू शकेल अशी आशा होतीच. सी.पीं.च्या गणितातील पहिली चूक येथे होती. एखाद्या बड्या राष्ट्राला आपली वस्तू हवी आहे, याचा अर्थ ते राष्ट्र आपल्या बाजूने उभे राहील असा त्यांनी घेतला.

दुसरी चूक अधिक जवळची होती. त्रावणकोरची जमीन नारळ, रबर, मिरी आणि चहा या नगदी पिकांनी व्यापलेली होती. काथ्या, खोबरे, चहा जगाला विकायचा आणि त्या पैशावर ब्रह्मदेशाचा तांदूळ आणायचा, अशी अनेक दशकांची घडी होती. संस्थानात पिकणारा तांदूळ निम्मी गरजही भागवीत नसे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले आणि ही घडी एका फटक्यात विस्कटली. कडक शिधावाटप लागू झाले. ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा बनतो, त्या टॅपिओकावर गरिबांनी दिवस काढले. युद्ध संपल्यावरही ताटातला भात बाहेरून येणाऱ्या धान्यावर आणि भारत सरकारच्या वाटपावर अवलंबून राहिला. ज्या राज्याच्या किनाऱ्यावर महासत्तांची नजर होती, त्या राज्याच्या कोठारात स्वतःचा पुरेसा तांदूळ नव्हता.

याच भुकेच्या काळात, ऑक्टोबर १९४६ मध्ये, आलप्पुळा आणि चेरतला भागातील काथ्या कामगार व शेतमजुरांनी उठाव केला. धान्यटंचाई, मजुरी आणि दिवाणांनी पुढे केलेली अमेरिकी धर्तीची राज्यघटना, ज्यात कार्यकारी सत्ता लोकप्रतिनिधींना हलविता येणार नव्हती, ही असंतोषाची कारणे होती. पुन्नप्रा आणि वयलार येथे संस्थानच्या सैन्याने गोळीबार केला. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही. ती मोठी होती, यावर मात्र आहे. ज्या काथ्याने जगाला त्रावणकोरच्या वाळूचा पत्ता दिला, तो वळणारे हातच या लढ्यात पडले.

जून १९४७ च्या घोषणेनंतर सी.पीं.नी नव्या राष्ट्रासाठी मित्र शोधण्यास सुरुवात केली. पाकिस्तानसाठी प्रतिनिधी नेमण्यात आला आणि महंमद अली जिना यांनी तारेने संबंधांची तयारी दर्शविली. कराचीहून समुद्रमार्गे धान्य येऊ शकेल, हे नकाशावर दिसत होते. पण कापड, कोळसा आणि रेल्वेने येणारा बहुतेक माल भारताच्या हद्दीतूनच यायचा होता. कोल्लम ते शेंगोट्टै हा लोहमार्ग घाट ओलांडून पुढे मद्रास इलाख्यातच जात होता. भारताने हा मार्ग रोखला असता, तर थोरियमच्या बळावर त्रावणकोर किती आठवडे तग धरू शकले असते, याचे समाधानकारक उत्तर दिवाणांकडे होते असे दिसत नाही.

२१ जुलैच्या सुमारास सी.पी. दिल्लीत लॉर्ड माउंटबॅटन यांना भेटले. गांधीजी आणि काँग्रेस यांच्याविरुद्धच्या तक्रारींची मोठी बाडे त्यांनी बरोबर नेली होती. व्हाइसरॉयनी ती शांतपणे ऐकली आणि परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण या तीन विषयांपुरते सामीलीकरण स्वीकारण्याचा आग्रह धरला. ब्रिटन स्वतंत्र त्रावणकोरला मान्यता देणार नाही, हे या भेटीत उघड झाले. सी.पी. निर्णय न देता परतले.

२५ जुलैच्या सायंकाळी तिरुवनंतपुरम येथील संगीत अकादमीतील समारंभातून बाहेर पडत असताना के. सी. एस. मणी या तरुणाने त्यांच्यावर शस्त्राने वार केले. चेहऱ्यावर गंभीर जखमा झाल्या, पण प्राण वाचले. रुग्णशय्येवरूनच त्यांनी महाराजांना तडजोडीचा सल्ला दिला. ३० जुलै रोजी सामीलीकरण मान्य असल्याची महाराजांची तार दिल्लीला गेली. १९ ऑगस्ट १९४७ रोजी सी.पीं.नी दिवाणपद सोडले. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते.

स्वतंत्र भारताने सी.पीं.चे राजकारण नाकारले, पण त्यांची वाळूविषयीची अट जवळजवळ जशीच्या तशी उचलली, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. ऑगस्ट १९५० मध्ये केंद्र आणि त्रावणकोर-कोचीन राज्याच्या भागीदारीत इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक मदतीने आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला आणि डिसेंबर १९५२ मध्ये नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. पुढे थोरियम वेगळे करण्याचा कारखाना मुंबईत तुर्भे येथे सुरू झाला.

धान्य आणि वाळू यांची गाठही पुन्हा पडली. १९५० च्या अखेरीस दुष्काळाच्या छायेतील भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. अमेरिकी काँग्रेसमधील अनेक सदस्यांनी बदल्यात मोनाझाइटवरील निर्यातबंदी उठविण्याचा आग्रह धरला. नेहरू ठाम राहिले. चर्चा महिनोन्महिने लांबली, अखेर १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले आणि मोनाझाइट भारतातच राहिले. १९५३ मध्ये पोलंडच्या जहाजातून थोरियम नायट्रेट मुंबईहून चीनकडे निघाले, तेव्हा अमेरिकी कायद्यानुसार भारताची सारी मदत बंद होण्याची वेळ आली होती. बऱ्याच खटपटीनंतर त्यातून मार्ग निघाला. मोठा देश असल्याने दिल्लीला नकार देणे परवडले. तोच नकार तिरुवनंतपुरमला परवडला नसता.

सी.पी. पन्नासच्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठ आणि अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी विरोधकांनाही शंका नव्हती. १९६२ मध्ये राष्ट्रीय एकात्मता परिषदेने प्रादेशिकवादाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या समितीच्या शिफारशींतून १९६३ ची सोळावी घटनादुरुस्ती झाली. देशाच्या सार्वभौमत्वाचे व अखंडतेचे रक्षण करण्याची शपथ निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवाराला बंधनकारक झाली ती या दुरुस्तीने. पंधरा वर्षांपूर्वी स्वतंत्र त्रावणकोरची घोषणा करणाऱ्या दिवाणाच्या स्वाक्षरीचा अहवाल तिच्यामागे होता.

२६ सप्टेंबर १९६६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षी सलग दुसऱ्या दुष्काळाला तोंड देणाऱ्या भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केले. त्यातील बहुतेक गहू अमेरिकेचा होता आणि तो घेऊन येणारी जहाजे मुंबईच्या ज्या बंदरात लागत, त्याच बंदराच्या पलीकडे तुर्भ्यात त्रावणकोरच्या वाळूतून काढलेले थोरियम साठवून ठेवलेले होते.